वर्गणीचा रुपया शिवारापर्यंत
विलेपार्ल्यासारख्या वस्तीने जमविलेला भूकंपनिधी शेतकऱ्याच्या उपयोगी कसा पडेल?

अवर्षणाची चाहूल आधी लागते, पुराचे पाणी चढताना दिसते. भूकंप मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता येतो आणि काही क्षणांत आपले काम आटोपून जातो. त्याने मोडलेला संसार उभा राहण्यास पुढे कित्येक वर्षे लागतात. अशा प्रसंगी दूरदूरच्या गावांतून, शहरांतून व उपनगरांतून मदतीचा ओघ सुरू होतो. ही मदत देणाऱ्यांच्या मनात कळकळ असते, यात शंका नाही. परंतु केवळ कळकळीने शेत पेरले जात नाही. जमविलेला पैसा कोणत्या रूपाने, कोणत्या महिन्यात व कोणाच्या हाती पडला, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाचा विचार देणाऱ्यांनी, आणि त्याहूनही अधिक मदत स्वीकारणाऱ्या गावांनी व तेथील कार्यकर्त्यांनी, आपत्ती येण्यापूर्वीच करून ठेवणे अगत्याचे आहे.

पार्ल्याची सार्वजनिक कार्याची सवय

मुंबईचे विलेपार्ले हे उपनगर या विचारासाठी सोयीचे उदाहरण आहे. १९५० साली ते मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वीच तेथील रहिवाशांना एकत्र येऊन सार्वजनिक कार्य उभारण्याची सवय लागली होती. लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्यानंतर लगेच, १९२१ साली, पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. मध्यमवर्गीय कुटुंबांच्या या वस्तीने शाळा, ग्रंथालय, व्याख्याने, उत्सव अशी कामे पिढ्यानपिढ्या चालविली आहेत.

आपत्तिनिवारणाच्या दृष्टीने अशा वस्तीजवळ दोन गोष्टी नेहमी तयार असतात. पहिली, वर्गणीचे पावतीपुस्तक. दुसरी, घराघराशी असलेली ओळख. गणेशोत्सवाच्या निमित्ताने कार्यकर्ते दरवर्षी प्रत्येक दारी जातात, पावती फाडतात, जमाखर्च मांडतात आणि तो चारचौघांसमोर ठेवतात. मोठ्या संस्थेला जे विश्वासाचे भांडवल प्रयत्नपूर्वक मिळवावे लागते, ते आळीतल्या मंडळाजवळ आधीपासूनच असते. हीच व्यवस्था भूकंपनिधीसाठी वापरली तर चार दिवसांत चांगली रक्कम उभी राहू शकते. प्रश्न उरतो तो पुढचा.

बिहारचा धडा

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्यास स्वयंसेवकांची मोठी छावणी होती. तिच्या प्रमुखांपैकी एक असलेले जमनालाल बजाज यांना याच छावणीच्या कामात अटक झाली. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळ प्रचंड भूकंपाने हादरले, तेव्हा जमनालालजी बिहारमध्ये जाऊन मदतकार्यात सामील झाले. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली बिहार केंद्रीय मदत समिती स्थापन झाली आणि देशभरातून तिच्याकडे पैसा जमू लागला.

त्या भूकंपात शेतीची झालेली हानी निराळ्या प्रकारची होती. जमिनीला भेगा पडून खालचे पाणी व वाळू वर आली. सुपीक शेतांवर वाळूचे थर पसरले. विहिरी वाळूने भरून गेल्या. साखर कारखान्यांची मोडतोड झाली आणि तोडणीला आलेला ऊस शेतात उभा राहिला. अशा वेळी शेतकऱ्याला पिण्याच्या पाण्यासाठी विहिरी उपसून हव्या होत्या, वाळू काढण्यासाठी मजुरी हवी होती आणि ऊस वाया जाऊ नये म्हणून गाळपासाठी चरक हवे होते. शहरातून पाठविलेल्या कपड्यांच्या गाठोड्यांनी यांपैकी एकही गरज भागली नसती.

या समितीच्या हिशेबाचे काम ग्रामोद्योगाचे अभ्यासक जे. सी. कुमारप्पा यांनी पाहिले. ते हिशेबाच्या बाबतीत अतिशय कडक होते. कार्यकर्त्यांच्या जेवणखर्चावर त्यांनी दररोज काही आण्यांची मर्यादा घातली होती. गांधीजी बिहारच्या दौऱ्यावर आले असता त्यांच्यासोबतच्या मंडळींचा खर्चही मदतनिधीवर टाकण्यास कुमारप्पांनी मान्यता दिली नाही, असे सांगितले जाते. निधी भूकंपग्रस्तांचा आहे, तो वाटणाऱ्यांचा नाही, हा त्यामागचा विचार होता. आळीतल्या मंडळालाही हा नियम तितकाच लागू आहे. ट्रकचे भाडे, फलक, छायाचित्रे, कार्यकर्त्यांचा प्रवास यांवर वर्गणी खर्च होऊ लागली की दात्याचा रुपया वाटेतच झिजतो.

किल्लारी : पेरणीच्या तोंडावर आलेली आपत्ती

महाराष्ट्राने या विषयाचा सर्वांत कठीण अनुभव १९९३ साली घेतला. २९ सप्टेंबर रोजी अनंत चतुर्दशी होती. पार्ल्यासह साऱ्या मुंबईत आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतही गणपतींचे विसर्जन झाले. लोक दमून झोपले असता ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, राजेगाव यांसारखी गावे उद्ध्वस्त झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. त्यापूर्वी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, कोयनानगरचा भूकंपही पहाटेच झाला होता. परंतु मराठवाड्यातील मनुष्यहानी त्याच्या कित्येक पटींनी अधिक होती.

या हानीचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. काळ्या जमिनीच्या या भागात ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर असलेले माळवद अशी घरे होती. उन्हाळ्यात थंडावा मिळावा म्हणून केलेली ही योजना भूकंपात प्राणघातक ठरली. भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांना बांधलेले नसल्यामुळे ते फुटून वेगळे झाले आणि माळवदाची माती अंगावर आली. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या, पण त्यांच्या भोवतीच्या भिंती ढासळल्या.

शेतकऱ्याचे घर कोसळले म्हणजे त्याचा धंदाही त्याखाली गाडला जातो, ही गोष्ट शहरातील माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. कणगीतले व बळदातले धान्य, पुढील पेरणीसाठी राखलेले बी, तिफण, औत, दोरखंड, सातबाराचे उतारे, सोसायटीची पासबुके आणि दावणीला बांधलेली जनावरे हे सारे त्याच वाड्यात होते. त्यातून महिना कोणता, तर रब्बीच्या पेरणीचा. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी लागते. जमिनीत साठलेल्या ओलीवरच हे पीक येते. पेरणी जसजशी लांबते, तसतशी ओल उडत जाते आणि उत्पन्न घटते. ज्या घरी माणसे गेली, त्या घराला ही तारीख पाळणे किती कठीण गेले असेल, हे सांगावयास नको. परंतु निसर्ग कोणाच्या सुतकासाठी थांबत नाही. तो हंगाम हुकला तर मागे राहिलेल्या माणसांना व जनावरांना पुढील वर्षभर धान्यही नाही आणि कडबाही नाही, अशी स्थिती होते.

मदत आली, तिचे काय झाले?

मदत सर्व बाजूंनी आली. शासन, लष्कर, स्वयंसेवी संस्था, वृत्तपत्रे, शाळा आणि शहरांतील लहान मंडळे, सर्वांनीच हात दिला. यांतून पुष्कळ चांगली कामे उभी राहिली. मात्र पहिल्या आठवड्यात वाहनांची व बघ्यांची इतकी गर्दी उसळली की बचावकार्याला अडथळा होऊ लागला. जुन्या कपड्यांचे ढीग कोणी न वापरता पडून राहिले. मुंबईपासून किल्लारी सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. एवढ्या अंतरावरून निरुपयोगी वस्तू नेण्यास जे भाडे पडते, त्या रकमेत जवळच्या बाजारसमितीतून कितीतरी पोती बियाणे घेता येते. शिवाय ती रक्कम त्याच भागातील शेतकऱ्यांच्या हाती जाते, हा वेगळा लाभ.

दुसरी अडचण नंतर दिसून आली. नवीन गावठाणे आखताना रुंद रस्ते व सरळ रांगांची सिमेंटची घरे बांधण्यात आली. घरे भक्कम झाली. परंतु अनेक ठिकाणी त्यांत गोठ्याला, कडब्याला, अवजारांना व धान्य साठविण्याला पुरेशी जागा नव्हती. काही गावांत शेत व घर यांमधील अंतर वाढले. नव्या गावठाणासाठी पिकाऊ जमीनही गेली. शहरातील दाता घर म्हणताच आपल्या स्वतःच्या घराचा आराखडा डोळ्यांसमोर आणतो. शेतकऱ्याचे घर हे राहण्याची जागा, कोठार, गोठा व कारखाना असे चारही असते. त्याला विचारल्याशिवाय बांधलेले घर अपुरे राहणार, हे उघड आहे.

याउलट ज्या मदतीने मुक्काम ठोकला, ती टिकली. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यातील हराळी येथे काम सुरू केले आणि तेथे निवासी शाळा व शेतीशिक्षण यांची व्यवस्था उभी केली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची सोय पुण्यात केली. केरळमधील मल्याळम मनोरमा या वृत्तपत्राने वाचकांकडून निधी जमवून बाणेगावच्या पुनर्वसनास हातभार लावला. दूरच्या वाचकाने दिलेली लहानशी रक्कमही एका निश्चित गावाशी व निश्चित कामाशी बांधली गेली, म्हणजे तिचा मागोवा घेता येतो.

जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात स्थलांतरित गावांखेरीज सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती हाती घेण्यात आली. या भागात घरमालकाला हप्त्याहप्त्याने पैसे देऊन त्याच्याकडूनच काम करून घेण्याची पद्धत होती. माळवदावरील मातीचा थर कमी करून वजन उतरविणे, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवून तिचे दोन्ही थर सांधणे, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरविणे अशी साधी कामे त्यांत होती. घरमालक स्वतः उभा राहिल्यामुळे त्याला भिंत का पडते व का टिकते, याचे ज्ञान मिळाले. हे ज्ञान अनुदानापेक्षा अधिक काळ उपयोगी पडते.

एका आळीचा हिशेब

आता असे समजू की, पार्ल्याच्या एका आळीत ८० बिऱ्हाडे आहेत. प्रत्येकी १,००० रुपये याप्रमाणे ८०,००० रुपये जमले. मंडळाने उत्सवातील शिल्लक २०,००० रुपये त्यांत घातली. एकूण निधी १ लाख रुपये झाला. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. या रकमेने गाव वसणार नाही. त्यासाठी शासन आहे. परंतु शासनाच्या यंत्रणेला पंचनामा, मंजुरी व वाटप या पायऱ्या चढाव्या लागतात. लहान निधीचे सामर्थ्य असे की, तो एका दिवसात देता येतो आणि हवा तर सहा महिने राखूनही ठेवता येतो. म्हणून त्याचे तीन भाग करावेत.

पहिला भाग, समजा २५,००० रुपये, पहिल्या पंधरवड्यासाठी असावा. औषधे, ताडपत्री, स्वयंपाकाची भांडी, कंदील किंवा बॅटऱ्या आणि जनावरांचा चारा यांसाठी तो वापरावा. स्वतः वस्तू घेऊन जाण्याऐवजी जिल्हा प्रशासनाला किंवा तेथे आधीपासून काम करीत असलेल्या संस्थेला विचारून रक्कम द्यावी. ज्यांना एवढीही खटपट शक्य नसेल, त्यांच्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा मार्ग आहेच.

दुसरा भाग, समजा ४०,००० रुपये, पेरणीसाठी राखावा. ज्वारीला एकरी ४ किलो बियाणे लागते. ५० शेतकऱ्यांना प्रत्येकी २ एकरांपुरते बी द्यावयाचे झाल्यास एकूण ४०० किलो, म्हणजे ४ क्विंटल, पुरते. उरलेल्या रकमेतून, ज्यांचे बैल दगावले आहेत त्यांच्या पेरणीचे भाडे भागवावे. बी कोणत्या जातीचे घ्यावयाचे, ते गावाने ठरवावे. मालदांडीची सवय असलेल्या गावाला अपरिचित वाण पाठवून त्याच वर्षी प्रयोग करू नये. ज्वारीची वेळ निघून गेली असेल, पण ओल किंवा पाण्याची सोय असेल, तेथे हरभऱ्याचा विचार करता येतो. भूकंप दुसऱ्या ऋतूत झाला, तर हाच भाग खरिपाच्या बियाण्यासाठी थांबवून ठेवावा.

तिसरा भाग, समजा ३५,००० रुपये, पुढील पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यापर्यंत खर्च करावा. या वेळेपर्यंत वृत्तपत्रांतील बातम्या थांबलेल्या असतात आणि मदतीचे ट्रक परत गेलेले असतात. नेमक्या याच वेळी गोठ्याचे छप्पर, धान्यासाठी कोठी, विहिरीचा ढासळलेला काठ आणि औतांची जुळणी यांची गरज उभी राहते. जो निधी तोपर्यंत शिल्लक राहिला, त्याची किंमत गावाला पहिल्या दिवसाच्या निधीपेक्षाही अधिक वाटते.

निधी जमविणाऱ्या मंडळाने कायद्याची बाजूही सांभाळावी. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करावयाची असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. निधीसाठी वेगळे बँक खाते असावे, पैसे काढण्यास दोघांच्या सह्या लागाव्यात, प्रत्येक रुपयाची पावती असावी आणि तीन भागांपैकी प्रत्येक भाग खर्च झाल्यावर जमाखर्च आळीच्या फलकावर लावावा. दात्याला आपला रुपया कोठे गेला हे कळले, तर तो पुढच्या वेळी दोन रुपये देतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

मदत देणाऱ्याला गावाची माहिती नसते. ती देणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे. प्रत्येक गावाची एक यादी शांततेच्या काळातच तयार असावी. तीत खातेदार, कसणारी कुटुंबे, भूमिहीन मजूर, विधवांच्या नावावरील जमिनी, बैलजोड्या, दुभती जनावरे, विहिरी व पेरणीचे क्षेत्र यांची नोंद असावी. तिची एक प्रत गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी ठेवावी. कारण भूकंपात ग्रामपंचायतीची कचेरीही पडू शकते.

आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यातच गरजांचे पत्रक काढावे. ‘मदत हवी’ असे मोघम न लिहिता किती किलो बी, कोणत्या तारखेपूर्वी, किती जनावरांना चारा, किती घरांना ताडपत्री, असे नेमके लिहावे. ज्या वस्तू नको आहेत, त्यांचीही नावे स्पष्टपणे द्यावीत. अशा पत्रकामुळे पार्ल्यातल्या मंडळाला आपली वर्गणी कशासाठी आहे हे दारोदार सांगता येते. वाटप ग्रामसभेत, सर्वांसमक्ष, यादी वाचून करावे. भूमिहीन मजुराला बियाण्याचा उपयोग नाही म्हणून त्याचे नाव वगळू नये. त्याला वाळू-दगड उपसण्याची, विहिरी साफ करण्याची किंवा भिंत बांधण्याची मजुरी द्यावी; म्हणजे त्याच्या हाती रोख पैसा पडेल आणि गावाचे कामही होईल.

घेणारे हात देणारे झाले

किल्लारीच्या पुनर्वसनात स्त्रियांचा वाटा मोठा होता. घरांच्या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली खेड्यांतील स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून काम केले. हप्ता केव्हा मिळेल, सिमेंट कोठून आणावे, गवंड्याने पट्टा बरोबर घातला की नाही, हे त्या घरोघर जाऊन पाहत. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमधील कच्छ-भूज भाग भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागातील अशा स्त्रिया तेथे गेल्या आणि आपला अनुभव तेथील स्त्रियांना सांगितला. आठ वर्षांपूर्वी ज्यांची घरे जमीनदोस्त झाली होती, त्याच आता दुसऱ्यांना घर बांधण्याची रीत शिकवीत होत्या.

मदतीचे यश मोजण्याचे हेच खरे माप होय. आळीत जमलेल्या वर्गणीने शेतकऱ्याला केवळ काही दिवस जगविले, तर तिचे निम्मेच काम झाले. त्या वर्गणीतून त्याची पेरणी वेळेवर झाली, पावसापूर्वी त्याच्या जनावरांना छप्पर मिळाले, आणि पुढच्या आपत्तीत दुसऱ्याला हात देण्याइतकी ताकद त्याच्यात आली, म्हणजे ती पूर्णपणे सार्थकी लागली असे समजावे. यासाठी देणाऱ्याने थोडे थांबावे व विचारावे. आणि गावाने विचारण्यापूर्वीच आपली यादी तयार ठेवावी.